विदर्भातल्या घरी ड्वार्फ सिक्लिडची पिल्लं कशी काढावीत

ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्या होऊनही अख्खीच राहते, वरण घोटलं तरी एकजीव होत नाही, त्या पाण्यात रॅम या ड्वार्फ सिक्लिडने, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या सिक्लिड माशाने, अंडी दिली तरी ती दोन दिवसांत पांढरी पडतात. दोन्हींचं मूळ एकच, पाण्यातला चुना. तो डाळ मऊ होऊ देत नाही आणि दक्षिण अमेरिकेच्या मऊ पाण्यातून आलेल्या माशांच्या अंड्यांचं फलनही नीट होऊ देत नाही. म्हणून आधी पाणी ओळखायचं, मग त्याला झेपेल तो मासा आणायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. नागपूरहून निळ्या रॅमची जोडी आणतात आणि नंतर पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, उतरवायचं औषध शोधत फिरतात.

पाणी

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणारा मीटर स्वस्त मिळतो, तो आधी घ्या. घरचा बोअर, गावची विहीर, नळयोजनेचं पाणी आणि गावातल्या आरओ प्लान्टचा कॅन, चारही मोजून वहीत लिहून ठेवा. बोअरचा आकडा पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये वेगवेगळा येतो, म्हणून दोनदा मोजा. टीडीएस म्हणजे फक्त चुना नव्हे, हेही ध्यानात ठेवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारट आहे, तिथला मोठा आकडा बराचसा मिठाचा असतो. वणी, कोरपना, राजुरा भागात जमिनीतच चुनखडी आहे, तिथे तो खरोखर चुन्याचा. थेंब मोजून कठीणपणा सांगणारा टेस्ट किट एकदा वापरला की आपला आकडा कशाचा आहे ते कळतं.

आता मासा. टीडीएस 500-600 पर्यंत असेल आणि पाणी मिसळण्याचा खटाटोप नको असेल, तर क्रिबेन्सिस घ्या. हा नायजेरिया-कॅमेरूनकडचा आफ्रिकी मासा, कठीण पाण्यातही अंडी फलतात, नर-मादी दोघंही पिल्लं सांभाळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर कॉकाटू ॲपिस्टो (ॲपिस्टो म्हणजे ॲपिस्टोग्रामा, दक्षिण अमेरिकेतले ड्वार्फ सिक्लिड). हा पेरूकडच्या ॲमेझॉन खोऱ्यातला, ॲपिस्टोंमध्ये सगळ्यात सोशिक, 100 ते 250 टीडीएसमध्ये चांगला वितो. अगासिझी ॲपिस्टोला त्याहून मऊ आणि आम्ल पाणी लागतं. निळा रॅम, म्हणजे व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातला मासा, 100 च्या आसपासच ठेवावा. त्याला ऊबही जास्त लागते, 28 ते 29 अंश. शिवाय बाजारातले भडक रंगाचे रॅम कित्येकदा हार्मोन देऊन रंगवलेले असतात. ते दोन-तीन महिन्यांत मरतात किंवा अंडी देऊनही काही होत नाही. फार भडक पिल्लं टाळा. जरा फिकी पण चपळ, आपणहून खायला येणारी घ्या.

पीएच उतरवण्यासाठी कठीण पाण्यात लिंबू, व्हिनेगर, बाटलीतलं ॲसिड काहीही टाकू नका. पाण्यातला कार्बोनेट ते ॲसिड खाऊन टाकतो, दुसऱ्या दिवशी पीएच पुन्हा वर येतो आणि या चढउतारात मासा मरतो. पाणी मऊ करायचा सरळ मार्ग म्हणजे त्यात बिनचुन्याचं पाणी मिसळणं. ते आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळातून फुकट पडतं.

पावसाचं पाणी

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. 10 बाय 10 फुटांची ताडपत्री अंगणात चार बांबूंना बांधली आणि मधे दगड ठेवून तिला खोलगा दिला, तर 25 मिलिमीटरच्या एका सरीत सुमारे 230 लिटर पाणी मिळतं, म्हणजे 200 लिटरचा निळा ड्रम भरून उरतं. कवेलूच्या छतावरून घेतलं तरी चालेल, पण पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्या, धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून जाऊ द्या. नवं कोरं टिन असेल तर त्यावरचं पाणी घेऊच नका. त्याच्या मुलाम्यातलं जस्त उतरतं आणि मऊ पाण्यात ते माशाला जास्त बाधतं.

ड्रम खाण्याच्या वस्तूचा असावा. फवारणीच्या औषधाचा ड्रम सोड्याने दहा वेळा धुतला तरी वापरू नये. तोंडाला दुहेरी सुती कापड घट्ट बांधा, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. ड्रम अंधाऱ्या जागी ठेवा, उजेडात पाणी हिरवं होतं. आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणीचा जोर असतो त्या दिवसांत, ऑगस्टपासून पुढे, शेताला लागून घर असेल तर पाणी जून-जुलैतच भरून ठेवणं शहाणपणाचं. फवारा वाऱ्याने उडतो. पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशाला इतकी जहाल असतात की फवारणी करून आलेल्या माणसाने हात धुऊनही टाकीत घालू नयेत. टाकीच्या बादल्या, मग आणि नळी वेगळ्या रंगाच्या ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. डासांची अगरबत्ती आणि फवाराही टाकीच्या खोलीत नको, कारण एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

मिसळायचा हिशोब असा. बोअरचा टीडीएस 800, पावसाचा 20, आणि टाकीत हवा 200. हवा तो आकडा उणे पावसाचा आकडा म्हणजे 180, त्याला बोअर उणे पाऊस म्हणजे 780 ने भागा, 0.23 येतं. म्हणजे 60 लिटरला बोअरचं 14 लिटर आणि पावसाचं 46 लिटर. नुसतं पावसाचं पाणी मात्र भरू नका. त्यात पीएच सावरणारं काहीच नसतं, आठवड्याभरात तो एकदम घसरतो आणि फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू थंडावतात. आठवड्याला 15 लिटर बदललं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी एका टाकीला दोन ड्रम पुरतात, पिल्लांच्या टाकीसाठी तिसरा धरा. पाऊस संपल्यावर आरओचा कॅन चालतो, तोही आधी मोजूनच.

नळयोजनेचं किंवा विहिरीचं पाणी घेणार असाल तर ग्रामपंचायत त्यात टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकते, हे विसरू नका. असं पाणी उघड्या टबात हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड) लावून दोन दिवस ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

हंगाम

दसऱ्यापासून होळीपर्यंत. एवढ्यात तीन-चार वेळा पिल्लं निघतात, तेवढी पुरे. उन्हाळ्यात बाहेर 45-46 अंश असताना घरातली टाकी सहज 34-35 ला जाते. मासे तगले तरी ॲपिस्टोच्या बाबतीत त्याचा वेगळाच परिणाम होतो. उवे रोमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्ट्स या जर्मन अभ्यासकांनी 1996 साली दाखवून दिलं की बहुतेक ॲपिस्टो जातींत पिल्लू नर होणार की मादी, हे सुरुवातीच्या दिवसांतल्या तापमानावर ठरतं. त्यांनी 23, 26 आणि 29 अंशांवर पिल्लं वाढवली, तर ऊब वाढली तसे नर वाढले. म्हणजे एप्रिलमधली पिल्लावळ जगली तरी हातात जवळजवळ सगळे नरच येतात आणि पुढच्या वर्षी जोड्या लावायला मादी राहत नाही. पहिला महिनाभर 26 अंश धरून ठेवा. क्रिबमध्ये हेच काम पीएच करतो. पाणी फार आम्ल असलं की नर जास्त, 7 च्या आसपास ठेवलं की बरोबरी. म्हणून क्रिबच्या टाकीत पावसाचं पाणी ओतायची हौस करू नये.

थंडीत उलटा त्रास. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या आसपास उतरतो आणि त्यातच लाईन जाते. 60 लिटरला 75 ते 100 वॅटचा हीटर लावा. टाकीच्या तीन बाजूंना आणि तळाखाली एक इंच जाडीचा थर्माकोल लावा. लाईन गेली की वरून वाकळ टाका, एअर पंपाच्या नळीपुरती फट ठेवून. असं झाकलं तर पाणी हळूहळू उतरतं, आणि हळू उतरलेलं मासे सोसतात. एअर पंप बॅटरीवर चालणारा असावा. हीटरपेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे, कारण लाईन चार तास गेली तर स्पंजमधले जिवाणू आधी गुदमरतात. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढायचा, रोज, न चुकता. खेड्यात अर्थिंगचा भरवसा नसतो.

टाकी

24 लांब, 15 रुंद, 12 उंच, इंचांत. काठोकाठ 70 लिटर, वापरात 55 ते 60. हे मासे तळाशी राहतात, म्हणून उंचीवर पैसे घालू नका, तळ रुंद घ्या. एक कॉकाटू नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या तर टाकी तीन फुटी लागेल. दोन फुटी टाकीत एकच जोडी.

तळाला बारीक रेती, दोन बोटं जाड. ॲपिस्टो रेती तोंडात घेऊन चाळतो, जाड खडीत त्याला ते करता येत नाही. कन्हानची रेती चांगली, पण कुठलीही असो, गव्हाच्या चाळणीने चाळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि मूठभर रेतीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती नको. दगडांनाही हीच कसोटी लावा. आपला काळा दगड चालतो, चुनखडीचा पांढरट दगड नाही.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपावरचा. पिल्लं ओढली जात नाहीत आणि त्यांना स्पंजवर खायलाही मिळतं. मासे सोडण्याआधी टाकी चार-पाच आठवडे चालू द्या, अमोनिया आणि नायट्राइट (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून होणारी विषं) शून्य आल्यावरच मासे. कुणाच्या चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

घरट्यासाठी संक्रांतीचं सुगड. याच्यापेक्षा चांगली गुहा विकतसुद्धा मिळत नाही. बिनरंगाचं घ्या, गेरू किंवा ऑइलपेंट लावलेलं नको. एक दिवस पाण्यात भिजवा, मग आडवं करून अर्धं रेतीत पुरा, तोंड भिंतीकडे तिरकं. ॲपिस्टोच्या मादीला तोंड रेतीने बुजवून अंगठ्याएवढी फट ठेवायची असते, म्हणून तोंड मोठं असेल तर पुढे चपटा दगड ठेवा. नारळाच्या करवंटीला काठाशी 3 सेंटिमीटरची खाच पाडून पालथी घातली तरी तेच काम होतं. दर मादीमागे एक गुहा आणि वर एक जादा. रॅमला गुहा नको, त्याला उघड्यावर तळहाताएवढा गुळगुळीत चपटा दगड द्या.

देशी बदामाची (टर्मिनालिया कटप्पा) वाळून आपोआप गळलेली तपकिरी पानं धुऊन दोन-तीन टाका. पाणी चहासारखं होतं, ते तसंच हवं. त्यातल्या टॅनिनने बुरशी दबते, पानांखाली मादीला आडोसा मिळतो आणि कुजणाऱ्या पानांवरचे सूक्ष्म जीव पिल्लं दिवसभर टिपत राहतात. झाड रस्त्याच्या किंवा शेताच्या कडेचं नसावं. हिरवी पानं टाकू नका, ती सडून पाणी नासतं.

जोडी आणि खाणं

क्रिब आणि रॅमची पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवा, जोडी त्यांची ते लावतात. दुकानदाराने हातात दिलेली जोडी ही कित्येकदा दोन नरच असतात. कॉकाटूचा नर 8 सेंटिमीटरपर्यंत, पाठीच्या पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे. मादी 5 सेंटिमीटरची, गोल आणि साधी. क्रिबच्या मादीचं पोट जांभळटसर लाल, आणि ती नरापेक्षा आखूड.

मासे आणल्यावर पिशवी लगेच सोडू नका. दुकानातलं पाणी आणि आपलं पाणी यांच्या टीडीएसमध्ये मोठा फरक असतो. मासे बादलीत घेऊन सलाइनच्या नळीने टाकीतलं पाणी थेंबथेंब दीड तास सोडा. मग दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पांढरी, धाग्यासारखी विष्ठा आणि आत गेलेलं पोट दिसलं तर तो मासा विणीला घेऊ नका.

विणीआधी दोन आठवडे जिवंत खाणं. स्वच्छ पाण्यात धरलेल्या डासांच्या अळ्या, डॅफ्निया (पाणपिसू), बारीक चिरलेलं गांडूळ, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. अळ्या नालीतल्या नकोत. मादीचं पोट भरलं की एकतृतीयांश पाणी बदला, नवं पाणी जास्त मऊ आणि एक-दोन अंश गार. पहिला पाऊस आल्यासारखं त्यांना वाटतं. मग तापमान पुन्हा 26-27 ला (रॅमचं 28-29 ला) आणा.

अंडी ते पिल्लं

कॉकाटूची मादी तयार झाली की एका दिवसात लिंबासारखी पिवळी होते, अंगावर काळे डाग ठळक उठतात. मग ती सुगडात जाते आणि बाहेर फक्त खाण्यापुरती येते. बॅटरी मारून बघू नका. बघायचंच असेल तर भिंतीला टेकवलेल्या बारीक आरशातून दिवसाउजेडी बघा. सुगडाच्या छताला आतून तांबूस, खसखशीपेक्षा मोठी, लांबट अंडी एकेक करून चिकटवलेली दिसतात, साठ-ऐंशी, कधी शंभर. मादी उलटी होऊन परांनी त्यांना वारा घालते आणि पांढरी पडलेली तोंडाने उचलून खाते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास अंडी फुटतात. तेव्हा पिल्लं पोहत नाहीत, शेपटी वळवळत एका ढिगात पडून असतात. आठव्या-नवव्या दिवशी सकाळी मादी सगळा घोळका घेऊन बाहेर येते. तिने अंगाला झटका दिला की पिल्लं जागच्या जागी रेतीवर बसतात, अशी की डोळे फाडून पाहिलं तरी दिसत नाहीत. ती हलली की पुन्हा उठून तिच्यामागे जातात. पिल्लं संपली असं समजून टाकी उपसण्याआधी अर्धा तास थांबा.

या काळात नराकडे लक्ष ठेवा. दोन फुटी टाकीत मादी त्याला फाडते. तो वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा राहिला, पर फाटले, की त्याच दिवशी त्याला काढा. क्रिब आणि रॅममध्ये मात्र नर ठेवायचा, तो राखणीला लागतो. रॅमची जोडी अंडी फुटल्यावर रेतीत खड्डे करून पिल्लं एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवते, ते बघून घाबरू नका.

पहिल्या दोन-तीन वेळा अंडी खाल्ली जातात. तरुण जोडीचं हे नेहमीचंच, माशांचा दोष नाही. पाचव्यांदाही तेच झालं तर कारण शोधा. सगळी अंडी दुसऱ्याच दिवशी पांढरी होत असतील तर फलन झालेलं नाही, पाणी अजून कठीण आहे किंवा दोन्ही माद्याच आहेत. अंडी नीट होती आणि सकाळी गायब, तर रात्री काहीतरी बिनसलं. लाईन जाऊन एकदम मिट्ट काळोख होणं हे आपल्याकडचं मोठं कारण आहे, मादी गोंधळते आणि अंडी किंवा पिल्लं गमावते. खोलीत बॅटरीवरचा मंद दिवा रात्रभर ठेवला की हे बरंच थांबतं. गोगलगायीही अंडी खातात, त्या आधीच वेचून काढा. तरीही हाती काही लागत नसेल तर सुगडच उचला, अंडी पाण्याबाहेर न काढता त्याच पाण्याच्या डब्यात न्या, हवेचा दगड बाजूला हळू चालू ठेवा आणि मिथिलीन ब्लू फिकट निळं दिसेल इतकंच टाका.

पिल्लांचं खाणं

पोहायला लागल्यापासून पहिला आठवडा हाच खरा कस. कॉकाटू आणि क्रिबची पिल्लं पहिल्याच दिवशी ताजी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची नुकती फुटलेली पिल्लं) खातात. रॅमची जरा बारीक, त्यांना पहिले दोन-तीन दिवस मायक्रोवर्म (अगदी बारीक पांढरे जंत) द्या. मायक्रोवर्मचं विरजण कुणाकडून चमचाभर आणून भिजवलेल्या कणकेवर झाकणाच्या डब्यात ठेवा, आठवड्याभरात डब्याच्या कडांवर चढतात, तिथून बोटाने पुसून घ्यायचे.

आर्टेमियासाठी एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम जाडं मीठ आणि अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी. इथे मात्र बोअरचंच पाणी घ्या, तिला अल्कधर्मी पाणी मानवतं. दोन लिटरची बाटली उलटी टांगून तळातून जोराची हवा सोडा, वर दिवा ठेवा. 27-28 अंशांवर 24 तासांत फुटतात, थंडीत 36 लागतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर येतात, नारिंगी जीव खाली बसतात. खालचेच नळीने काढा, सुती कापडातून गोड्या पाण्याने धुवा आणि द्या. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात. रोज एक बाटली लावायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुटवडा पडत नाही.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. खाल्ल्यावर पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात, तो हिशोब पुरेसा आहे. उरलेलं एअर पंपाच्या बारीक नळीने तळातून ओढून घ्या आणि रोज दहा टक्के पाणी बदला, नवं पाणी त्याच टीडीएसचं आणि त्याच तापमानाचं. दहाव्या-बाराव्या दिवशी पिल्लं एकदम मरायला लागली तर नव्वद टक्के वेळा कारण उरलेलं खाणं आणि त्यातून झालेला अमोनिया असतो. औषध टाकू नका, पाणी बदला.

तीन-चार आठवड्यांनी मादी पुन्हा अंड्यांवर येते आणि स्वतःच्याच पिल्लांना हाकलते. तेव्हा पिल्लं वेगळ्या दोन फुटी टाकीत न्या, एका टाकीत पंचवीस-तीस, जास्त नाही. मादीला महिनाभर नरापासून दूर ठेवा, लागोपाठ विणीने ती खंगते. तीन-चार महिन्यांत नर-मादी ओळखू येतात.

जास्तीची पिल्लं दुकानाला किंवा शौकिनाला द्या. ती गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, नाल्यात किंवा विहिरीत सोडायची नाहीत. याच कुळातला तिलापिया आपल्या पाण्यात घुसला आणि देशी माशांच्या खाण्या-विण्याच्या जागा त्याने बळकावल्या. पाठवण्याआधी एक दिवस उपाशी ठेवा, एका पिशवीत एकतृतीयांश पाणी आणि दोनतृतीयांश हवा, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, आणि फेब्रुवारीनंतर पाठवायचं असेल तर पहाटेच्या एसटीने.